गांजा-हेम्प लागवड : बंदिस्त आणि खुल्या शेतातील फरक, आणि परभणीच्या शेतकऱ्याला लागू असलेला कायदा

सोयाबीन आणि कापसाचे भाव पडले की गावोगावी एक प्रश्न हमखास ऐकू येतो, ‘परदेशात गांजा लावतात, मग आपण का नाही?’ ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने, कोणत्याच पिकाला हमखास भाव मिळत नाही असे सांगत, जिल्हाधिकाऱ्यांकडे दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी मागितली होती. त्याची बातमी देशभर झाली, परवानगी मिळाली नाही. अलीकडे याच प्रश्नाला आणखी दोन फाटे फुटले आहेत. ‘हेम्प म्हणजे गांजा नाही, त्याला चालते’ असे सांगणारे बियाणे विक्रेते भेटतात, आणि ‘शेतात नको, बंद शेडमध्ये लावा’ असा सल्ला देणारे व्हिडिओ फिरतात.

या लेखात बंदिस्त आणि खुल्या लागवडीतील खरा फरक, परभणीच्या हवामानात त्याचा अर्थ आणि कायदा काय म्हणतो, हे क्रमाने पाहू. निष्कर्ष आधीच सांगतो : शेतीशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही पद्धतींत मोठा फरक आहे, कायद्याच्या दृष्टीने काहीही फरक नाही. परवान्याशिवाय एक झाड शेतात लावले काय किंवा खोलीत कुंडीत लावले काय, गुन्हा एकच.

एकच झाड, तीन उपयोग

गांजा, भांग आणि हेम्प ही वेगवेगळी झाडे नाहीत. कॅनाबिस या एकाच वंशाच्या झाडाचे हे वेगवेगळे भाग किंवा प्रकार आहेत.

- गांजा : मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नशा आणणारा टीएचसी हा घटक यात सर्वाधिक असतो.
- भांग : मुख्यतः पाने.
- हेम्प : वाख (धागा) आणि बियांसाठी वाढवलेले, कमी टीएचसीचे वाण. अमेरिका व युरोपीय संघात वाळलेल्या फुलोऱ्यात टीएचसी ०.३ टक्क्यांपर्यंत असेल तरच त्याला हेम्प म्हणतात.

हे पीक आपल्याकडे कधीच नव्हते, असेही नाही. ब्रिटिश काळात नगर भागात आणि मध्य प्रांतातील खंडवा परिसरात सरकारी नियंत्रणाखाली गांजाची लागवड होत असे. १८९३-९४ च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने तिची सविस्तर पाहणी केली होती. एनडीपीएस कायदा (गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम) १४ नोव्हेंबर १९८५ रोजी लागू झाला. तेव्हापासून परवान्याशिवाय या झाडाची लागवड हा देशभर गंभीर गुन्हा आहे.

बंदिस्त आणि खुली लागवड : कुठे काय फरक पडतो?

ज्या देशांत परवाना मिळतो तिथे लागवडीचे तीन प्रकार दिसतात : खुले शेत, हरितगृह आणि पूर्ण बंद खोली. वाख आणि बियांसाठीचे हेम्प जवळजवळ सगळे खुल्या शेतात होते. औषधी कंपन्या हरितगृह किंवा बंद खोली वापरतात, कारण त्यांना प्रत्येक काढणीत घटकांचे प्रमाण सारखे हवे असते.

१) प्रकाश आणि दिवसाची लांबी
तुरीप्रमाणेच हे ‘लहान दिवसाचे’ पीक आहे. दिवस लहान होऊ लागले की झाड वाढ सोडून फुलाकडे वळते. उशिरा पेरलेली तूर बुटकी राहते आणि लवकर फुलते, हे आपण पाहतोच. बंद खोलीत दिव्यांच्या वेळेवरून फुलोरा कधी यावा हे ठरवता येते, खुल्या शेतात ते निसर्ग ठरवतो.

परभणी सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास आणि सर्वांत लहान दिवस अकरा तासांच्या आसपास असतो. युरोप-कॅनडातील हेम्पचे वाण सोळा तासांच्या उन्हाळी दिवसांत वाढण्यासाठी तयार झालेले आहेत. असे बी आपल्या अक्षांशावर पेरले तर झाडाची उंची होण्याआधीच फुलोरा येतो, आणि उंची नाही म्हणजे वाख नाही. म्हणून ‘कॅनडाचे प्रमाणित बियाणे’ हा दावा कायदा बाजूला ठेवला तरी शेतीच्या कसोटीवर इथे टिकत नाही.

२) तापमान आणि आर्द्रता
मे महिन्यात परभणीचा पारा ४२ ते ४४ अंशांवर जातो. बंद खोली अशा काळात थंड ठेवायची तर वातानुकूलन चोवीस तास चालवावे लागते. वीज गेली की दिवे, पंखे आणि पाणी एकदम थांबते. कृषीपंपाची वीज ठरावीक तासच मिळते, त्यामुळे हा खर्च जनरेटरवर जातो. खुल्या शेतात हा खर्च नाही, पण ऑगस्ट-सप्टेंबरची दमट हवा आहे. फुलोऱ्यात पाऊस लांबला की दाट शेंड्यांत पाणी साचून फुलकूज होते.

३) जमीन आणि पाणी
या पिकाला निचरा लागतो. आपल्या जिल्ह्यातील काळ्या भारी जमिनीत जोरदार पावसानंतर दोन-तीन दिवस पाणी साचले तर रोपे पिवळी पडून मरतात. बंदिस्त लागवड मातीऐवजी कोकोपीटमध्ये किंवा पाण्यात होते. तिथे निचऱ्याचा प्रश्न नसतो, पण पाण्याचा सामू आणि क्षार रोज तपासावे लागतात. आपल्याकडच्या अनेक बोअरचे पाणी क्षारयुक्त असल्याने ते आधी शुद्ध करावे लागेल.

४) कीड आणि रोग
बंद जागेत पाऊस-वारा नसतो, पण लाल कोळी, फुलकिडे आणि भुरी एकदा शिरली की झपाट्याने पसरतात. शेडनेटमध्ये ढोबळी मिरची घेणाऱ्यांना हा अनुभव आहे. खुल्या शेतात मित्रकीटक काही भार उचलतात, पण अळ्या, उंदीर आणि रोग यांवर नियंत्रण कमी राहते.

५) परागीभवन
नर आणि मादी झाडे बहुधा वेगळी असतात आणि पराग वाऱ्याने कित्येक किलोमीटर जातो. त्यामुळे एकाच भागात बियांसाठी आणि औषधासाठी खुली लागवड झाली तर दोघांचे नुकसान होते. परदेशात शेजाऱ्या-शेजाऱ्यांत यावरून वाद झाले आहेत. बंद लागवडीत हा धोका बराच कमी असतो.

६) खर्च आणि ऊर्जा
हा सर्वांत मोठा फरक. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०२१ मध्ये अमेरिकेतील बंदिस्त लागवडीचा हिशेब मांडला. ठिकाणानुसार एक किलो वाळलेल्या फुलांमागे सुमारे २,३०० ते ५,२०० किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन निघाले. यातला मोठा वाटा खोली थंड-गरम ठेवणे, हवा खेळती ठेवणे आणि दिवे यांचा आहे. खुल्या शेतात सूर्यप्रकाश फुकट मिळतो.

७) भाव
‘बंदिस्त मालाला सोन्याचा भाव’ हे अर्धसत्य आहे. कॅनडाने ऑक्टोबर २०१८ मध्ये गांजा कायदेशीर केला. कंपन्यांनी प्रचंड हरितगृहे उभारली आणि माल मागणीपेक्षा जास्त झाला. मार्च २०२० मध्ये कॅनोपी ग्रोथ या कंपनीने ब्रिटिश कोलंबियातील दोन हरितगृहे बंद केली, त्यांचे क्षेत्र मिळून सुमारे ३० लाख चौरस फूट होते. आवक वाढली की भाव पडतो, हा नियम याही पिकाला चुकलेला नाही.

कायदा काय सांगतो?

- कलम ८ : कॅनाबिसचे कोणतेही झाड लावण्यास मनाई आहे. ‘झाड’ म्हणजे या वंशातील कोणतेही झाड. केंद्रीय कायद्यात टीएचसीची किमान मर्यादा दिलेली नाही. त्यामुळे ‘हेम्प आहे, टीएचसी कमी आहे’ हा परवान्याशिवायच्या लागवडीला बचाव होत नाही.
- कलम २० : लागवडीसाठी १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड. तयार गांजा सापडला तर शिक्षा वजनावर ठरते. १ किलोपर्यंत अल्प प्रमाण मानतात. २० किलोपेक्षा जास्त म्हणजे व्यापारी प्रमाण, त्याला किमान १० व कमाल २० वर्षे सक्तमजुरी. व्यापारी प्रमाणात जामीन मिळणे अत्यंत कठीण असते (कलम ३७).
- कलम २५ : आपली जागा, खोली, शेड अशा कामासाठी जाणूनबुजून वापरू देणाऱ्यालाही त्या गुन्ह्याचीच शिक्षा आहे.
- कलम ३५ व ५४ : आपण कसत असलेल्या जमिनीत झाड सापडले तर ते आपलेच आहे आणि आपल्याला माहीत होते, असे न्यायालय गृहीत धरू शकते. तसे नव्हते हे दाखवण्याची जबाबदारी शेतकऱ्यावर येते.
- कलम ४६ : आपल्या जमिनीत असे बेकायदा झाड असल्याचे कळताच पोलिसांना ताबडतोब कळवणे जमीनधारकाचे कर्तव्य आहे. जाणूनबुजून न कळवणे हाही गुन्हा आहे.
- कलम ४७ : हेच कर्तव्य सरकारी अधिकारी, पंच, सरपंच आणि गावच्या इतर अधिकाऱ्यांवर आहे. कृषी सहायक, तलाठी, ग्रामसेवक यांनी हे कलम लक्षात ठेवावे. शेतभेटीत झाड दिसूनही गप्प राहणे त्यांच्याही अंगाशी येऊ शकते.

भांगेबाबत गैरसमज नको. फुलोऱ्याशिवायची पाने या कायद्यातील ‘गांजा’च्या व्याख्येत येत नाहीत, पण झाड लावणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. शिवाय राज्याचा दारूबंदी कायदाही आहेच.

परवाना कुठे मिळतो?

कायद्यात दोन दारे आहेत. कलम १० नुसार राज्य सरकार नियम करून लागवडीला परवानगी देऊ शकते. कलम १४ नुसार फक्त वाख, बी किंवा उद्यानविद्येच्या कामासाठी सरकार आदेश काढून परवानगी देऊ शकते.

उत्तराखंडने २०१८ मध्ये ०.३ टक्के टीएचसीच्या मर्यादेत औद्योगिक हेम्पला परवाना दिला, देशात असे करणारे ते पहिले राज्य. हिमाचल प्रदेश मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ मध्ये पालमपूर आणि नौणी येथील विद्यापीठांच्या मदतीने प्रायोगिक अभ्यासाला मान्यता दिली. औषधी उपयोगासाठीचे संशोधन जम्मूच्या सीएसआयआर संस्थेत संरक्षित क्षेत्रात चालते. महाराष्ट्रात शेतकऱ्याने अर्ज करून हेम्प लावावे अशी योजना लागू नाही. उत्तराखंडचा परवाना परभणीत चालत नाही.

नोव्हेंबर २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हेम्पचे बी, तेल आणि पीठ यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. त्यामुळे दुकानात हेम्पचे बी दिसते. ती मान्यता खाण्यासाठी आहे, पेरण्यासाठी नाही.

अंबाडी आणि ताग : नाव आणि पान यांचा घोळ

इंग्रजीत ‘हेम्प’ हा शब्द वाख देणाऱ्या अनेक पिकांना लावतात. आपल्या अंबाडीला ‘डेक्कन हेम्प’ आणि तागाला ‘सन हेम्प’ म्हणतात. दोन्ही पिके पूर्ण कायदेशीर आहेत आणि गांजाच्या झाडाशी त्यांचे काही नाते नाही. पण अंबाडीचे पान गांजाच्या पानासारखे दिसते, इतके की तिच्या शास्त्रीय नावातच ‘कॅनाबिनस’ हा शब्द आहे. धुऱ्यावर अंबाडी असलेल्या शेतकऱ्यावर संशय येऊ शकतो, आणि उलट अंबाडीच्या ओळीत गांजा लपवलाही जातो. म्हणून ओळख पक्की हवी.

अंबाडी :
- पान खोलवर कापलेले असते, पण सगळे भाग तळाशी जोडलेले असतात.
- पाने एकाआड एक येतात, खोडावर आणि देठावर बारीक काटे असतात.
- फूल मोठे, फिकट पिवळे आणि मध्यभागी गडद जांभळट असते.
- पान चघळल्यास आंबट लागते.

गांजाचे झाड :
- पान पंजासारखे असते. पाच ते नऊ अरुंद पर्णिका देठाच्या टोकाशी पूर्ण सुट्या असतात आणि त्यांच्या कडा करवतीसारख्या असतात.
- खालची पाने समोरासमोर, शेंड्याकडची एकाआड एक असतात.
- पाकळ्यांचे रंगीत फूल नसते. शेंड्याला हिरवट, चिकट आणि उग्र वासाचे झुपके येतात.
- खोडावर काटे नसतात.

संशय असेल तर झाड चघळून पाहू नये. काटे आणि पानाचा तळ पाहिला तरी ओळख पटते. तागाची पाने साधी व लांबट, फुले पिवळी आणि शेंगा येणारी असल्याने तिथे घोटाळा होत नाही. अंबाडी किंवा ताग लावल्यास ई-पीक पाहणीत तशी नोंद जरूर करावी.

बटई, ठोका आणि भाड्याची शेड

अशा प्रकरणांत तूर, कापूस, हळद किंवा उसाच्या आत लावलेली झाडे सापडतात, कारण उंच पिकात ती बाहेरून दिसत नाहीत. जमीन बटईने किंवा ठोक्याने दिली असेल आणि मालक शहरात राहत असेल तर धोका दुप्पट. सातबारा मालकाच्या नावावर, कसणारा दुसरा, आणि चौकशी दोघांची. बंद पडलेले पॉलिहाऊस, कुक्कुटपालनाची रिकामी शेड किंवा आखाड्यावरची खोली चांगल्या भाड्याने कोणी मागत असेल तर तीच काळजी घ्यावी.

- बटई किंवा ठोक्याचा करार लेखी करावा आणि कोणते पीक घेणार हे त्यात लिहावे.
- हंगामात दोन-तीन वेळा स्वतः शेताच्या मधोमध जाऊन पाहावे, धुऱ्यावरून नव्हे.
- शेड भाड्याने देताना वापराचे कारण लिहून घ्यावे. खिडक्या काळ्या कापडाने झाकणे, वीजबिल अचानक वाढणे, मालकालाही आत येऊ न देणे, ही धोक्याची चिन्हे आहेत.
- झाड सापडले तर ते उपटून घरी आणू नये किंवा परस्पर जाळू नये. पोलीस पाटलांना सांगून पोलीस ठाण्यात लेखी माहिती द्यावी आणि पोच घ्यावी. ती पोच हाच पुढे तुमचा पुरावा. तातडीसाठी ११२, अमली पदार्थांविषयीच्या माहितीसाठी १९३३ हे क्रमांक आहेत.

‘हेम्पची करार शेती’ सांगणारा आला तर

पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात.

१) महाराष्ट्र शासनाचा कोणता आदेश, कोणत्या कलमाखाली? त्याची प्रत दाखवा.
२) परवाना कोणाच्या नावावर आणि कोणत्या गट क्रमांकासाठी आहे? कंपनीचा नोंदणी दाखला किंवा जीएसटी क्रमांक म्हणजे लागवडीचा परवाना नव्हे.
३) तपासणीत टीएचसी मर्यादेपेक्षा जास्त निघाले तर पीक नष्ट करण्याचा खर्च आणि गुन्ह्याची जबाबदारी कोणाची?

पहिल्याच प्रश्नाला उत्तर नसेल तर चर्चा तिथेच थांबवावी आणि जिल्हाधिकारी कार्यालय किंवा राज्य उत्पादन शुल्क कार्यालयात चौकशी करावी. ‘कंपनी बघून घेईल’ हे वाक्य न्यायालयात कामाला येत नाही. तिथे नाव जमीन कसणाऱ्याचे असते.

बंदिस्त शेतीच करायची असेल तर

बंदिस्त शेती किंवा हायड्रोपोनिक्स यांत बेकायदा काही नाही. मुंबई विमानतळावर ‘हायड्रोपोनिक गांजा’ पकडल्याच्या बातम्यांमुळे तो शब्द बदनाम झाला आहे. हायड्रोपोनिक्स म्हणजे मातीविना शेती, एवढेच. शेडनेटमध्ये ढोबळी मिरची, काकडी किंवा भाजीपाला रोपवाटिका, ट्रेमध्ये मका चारा हे कायदेशीर पर्याय आहेत. शेडनेट व पॉलिहाऊससाठी एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानातून मापदंडानुसार ५० टक्के अनुदान मिळते, अर्ज महाडीबीटीवर करावा. आधी बाजार आणि पाणी पाहावे, मग सांगाडा. खुल्या शेतात वाखाचे पीक हवे असेल तर अंबाडी आहे, जमिनीचा पोत सुधारायचा असेल तर ताग. हिरवळीच्या खतासाठी ताग पेरून फुलोऱ्याच्या सुरुवातीला, म्हणजे साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, गाडावा.

नेहमीचे प्रश्न

प्रश्न : घरच्या औषधापुरते कुंडीत एक झाड चालते का?
उत्तर : नाही. लागवडीच्या गुन्ह्यात झाडांची किमान संख्या नाही.

प्रश्न : शेतात आपोआप उगवले तर?
उत्तर : लावले नसेल तर लागवडीचा गुन्हा होत नाही, पण दिसल्यावर न कळवता ठेवले तर अडचण होते. वरीलप्रमाणे लेखी कळवावे.

प्रश्न : पुढे महाराष्ट्रात परवानगी मिळाली तर परभणीत कोणती पद्धत योग्य ठरेल?
उत्तर : वाख आणि बियांसाठी खुले शेत, तेही निचऱ्याच्या जमिनीत आणि आपल्या अक्षांशासाठी विद्यापीठाने तपासलेल्या वाणासह. बंद खोलीची पद्धत इथल्या उन्हाळ्यात आणि विजेच्या स्थितीत सामान्य शेतकऱ्याला परवडणारी नाही. परवानगी आली तर ती शासन आदेशाने येईल आणि कृषी विभागामार्फत कळेल. तोपर्यंत बियाण्याचे एक पाकीटही विकत घेऊ नये.

पिकांविषयीच्या इतर शंकांसाठी किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१ किंवा जवळचे कृषी विज्ञान केंद्र येथे संपर्क साधावा.